बोलणं झाल्याची पोच

हौशी रेडिओ चालवणारी मंडळी, म्हणजे हॅम, एकमेकांशी बोलली की त्याची पोच देतात. ही पोच म्हणजे क्यूएसएल कार्ड. आकार पोस्टकार्डाएवढा, वर ठसठशीत कॉलसाइन, म्हणजे हॅमची हवेतली ओळख, खाली तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी आणि आवाज कसा पोचला त्याचे आकडे. आपल्याकडचे बहुतेक कॉलसाइन व्हीयू-टू नाहीतर व्हीयू-थ्रीने सुरू होतात. राजीव गांधींचा होता व्हीयू-टू-आरजी.

कार्डावर वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहायची, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. सोलापुरात मंगळवारी पहाटे दोनला ब्राझील लागला, तर कार्डावर वार येतो सोमवार आणि वेळ रात्री साडेआठ! नवशिके इथंच गडबडतात. खाडाखोड केली तर आणखी पंचाईत, कारण डीएक्ससीसी या मानाच्या प्रमाणपत्राला तसं कार्ड चालत नाही. त्यासाठी निदान शंभर मुलखांशी बोलल्याचा पुरावा लागतो. अंदमान आणि लक्षद्वीप त्यात भारतापासून वेगळे मोजतात, म्हणून जगभरचे हॅम त्यांच्यावर टपून असतात.

कार्ड थेट पाठवायचं तर हवाई टपालाचा खर्च, शिवाय परतीच्या तिकिटापोटी पाकिटात डॉलरची नोट. हॅम संघटनेच्या ब्युरोमार्फत गठ्ठ्यानं पाठवलं तर स्वस्त पडतं, पण उत्तराला वर्षंही लागतात.

2003 साली अमेरिकेतल्या एआरआरएल या संघटनेनं इंटरनेटवर ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ सुरू केलं. दोघांनी आपापला लॉग, म्हणजे बोलण्यांची नोंदवही, चढवायचा; कॉलसाइन, बँड आणि मोड जुळले, वेळेत अर्ध्या तासाहून जास्त फरक नसला की पोच मिळाली. त्याआधी परवान्याची प्रत पाठवून ओळख पटवावी लागते. पुरावा म्हणून मला हे कार्डापेक्षा पक्कं वाटतं. कार्ड एकटा माणूस लिहितो, इथं दोन वह्या ताडून पाहिल्या जातात.

पण संगणक ताडतो तेवढंच सांगतो. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद यांचं पथक पोर्ट ब्लेअरहून जगाशी बोलत होतं. 26 तारखेला त्सुनामी आली आणि तेच सेट मदतीच्या निरोपांना लागले. त्या दिवसांतला कॉन्टॅक्ट लॉगमध्ये नुसती एक ओळ असतो. आपलंच घ्या. हॅमच्या नकाशात सोलापूर शहर एमके 77 या चौकोनात, आणि अक्कलकोट शेजारच्या एमके 87 मध्ये, कारण 76 रेखांशाची रेघ मधून जाते. हे आकडे लॉगमध्ये येतात. तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ मात्र कार्डावरच छापावं लागतं.

शिवाय मे 2024 मध्ये एआरआरएलच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि हे लॉगबुक जुलै उजाडेपर्यंत बंद राहिलं. खोक्यातली कार्डं तेव्हाही हाताशी होती. मी प्रमाणपत्रासाठी लॉग चढवतो आणि ओळख वाढवावीशी वाटली तर कार्ड धाडतो.

खोक्यांचा शत्रू वेगळाच. हॅम गेला की घरचे आवरायला काढतात आणि कार्डं वजनावर जातात. व्हिएन्नात ‘डोकुमेंटात्सिओन्सआर्खिव्ह फुंक’ नावाचा संग्रह आहे, तिथं जगभरची अशी लाखो कार्डं जपली आहेत. तुमच्या माळ्यावर एखाद्या काकांची असतील तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा चाळा. पूर्व जर्मनी, युगोस्लाव्हिया अशी आता नकाशात नसलेली नावं त्यांत सापडू शकतील.