सोपा आरंभ, कठीण मध्य



पियानो शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरीं बीथोव्हेनची 'फ्यूर एलीझे' ही रचना बहुधा ऐकूं येतेच. ती रचली गेली १८१० च्या सुमारास. छापली गेली मात्र १८६७ सालीं, म्हणजे कर्त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनीं. तिचा आरंभ पुष्कळांस पाठ असतो. परंतु ती शेवटपर्यंत नीट वाजविणारे थोडे. असें कां व्हावें, याचा विचार केला म्हणजे मध्यम पायरीवरची कोणतीहि रचना कशी पारखावी व कशी बसवावी, हें ध्यानांत येतें.

आरंभींच्या ओळींत दोन्ही हात बहुतेक आळीपाळीनें चालतात. त्यामुळें विद्यार्थी तो भाग थोड्याच दिवसांत बसवितो, आणि घरच्यांस वाटतें कीं रचना आली. पण ही मुख्य चाल तीन वेळां येते व तिच्या मधल्या दोन जागीं निराळेंच काम पडतें. पहिल्या जागीं उजव्या हातास एकाएकीं दुप्पट वेगाचे स्वर घ्यावे लागतात. दुसऱ्या जागीं डावा हात खर्जांतला 'ए' स्वर सारखा ठोकीत राहतो व उजवा हात भरगच्च स्वरसंघ धरतो. मग तोच उजवा हात वर धांवत जाऊन एकहि पांढरी-काळी पट्टी न गाळतां खालीं उतरतो.

घाटाची चढण पायथ्याच्या सपाट रस्त्यावरून कोणी ठरवीत नाहीं. रचनेची कठिणताहि तिच्यांतील सर्वांत अवघड ओळींवरूनच ठरवावी. नवी रचना प्रथम नुसती वाचावी. सर्वांत वेगाचे स्वर कोठें आहेत, हात लांब उडी कोठें घेतो, दोन्ही हात एकाच वेळीं निरनिराळें काम कोठें करतात, तेथें पेन्सिलीनें खूण करावी. मग त्याच ओळी अगदीं विलंबित लयींत, एकेका हातानें वाजवून पाहाव्या. आठवड्याभरांत त्या स्वच्छ येऊं लागल्या तर रचना आवांक्यांतली समजावी. न आल्या तर ती कांहीं महिने बाजूस ठेवण्यांत कमीपणा नाहीं.

आपल्याकडे पुष्कळांचा हात आधीं पेटीवर बसलेला असतो. पेटी वाजवितांना एक हात भात्यांत गुंततो. त्याच्या बोटांस स्वतंत्र काम ठाऊक नसतें. शिवाय पियानोचा स्वर लहान-मोठा होतो तो पट्टी दाबण्याच्या वेगावरून. अशा शिकणाऱ्यानें डाव्या हातास अधिक वेळ द्यावा.

बोटांचे आंकडे, अंगठा १ व करंगळी ५, एकदां ठरवून लिहावे व तेच पाळावे. रोजची बैठक कठीण ओळींपासून सुरू करावी. चूक झाली कीं पहिल्या ओळीकडे धांवूं नये. त्यानें सोपें तेवढें घोटलें जातें आणि कठीण तसेंच राहतें. मनगट सैल ठेवावें, व हात दुखूं लागल्यास थांबावें. कठीण भागास जी लय सोसेल, तीच साऱ्या रचनेची लय.

मध्येंच अडलेलें मूल आपणांस बुद्धि नाहीं असें मानून पियानो सोडून देतें. वास्तविक त्यानें नुसता अभ्यासाचा क्रम उलटा धरलेला असतो. घरच्यांनीं पाहुण्यांपुढें 'तेवढें सुरुवातीचें वाजव' असें सांगण्यापेक्षां, मधल्या चार ओळी आज कशा आल्या, हें विचारावें.