गैरव्यवहाराची खबर द्यावी कोठे?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षणाचा विषय निघाला की आपण परीक्षा, टक्के आणि नोकरी यांविषयी बोलतो. नोकरी लागल्यावर पुढे काय, याविषयी मात्र सहसा बोलत नाही. आपली मुले आज बँकांत, गोदामांत, जहाजांवर, आखाती देशांतील कंपन्यांत कामाला लागत आहेत. तेथे कधीतरी नजरेस असे काही पडते की, त्याचे काय करावे हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेले नसते. त्या प्रसंगाविषयी मी आज चार शब्द सांगणार आहे.

माझा एक माजी विद्यार्थी एका कारखान्याच्या भांडारात कारकून होता. फाटकावरच्या नोंदवहीत रसायनाची पंधरा पिंपे आणि बिलावर मात्र वीस, असे त्याला तीन वेळा आढळले. बिलावर ‘माल मिळाला’ अशी सही त्यानेच करायची होती. घरी विचारले तेव्हा वडील म्हणाले, “आपण बरे, आपले काम बरे. सही कर आणि गप्प बस.” वडिलांना मी दोष देत नाही, घर त्याच पगारावर चालत होते. मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, सांगायचे तरी कोणाला? बिल मंजूर करणारे साहेबच त्यात असले तर?” प्रश्न रास्त होता. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची? त्याने सही केली नाही, नोकरी सोडली. कारखान्याने एक प्रामाणिक माणूस गमावला आणि लबाडी जागच्या जागी राहिली.

अशा वेळी उपयोगी पडावी म्हणून अनेक कंपन्यांत एक सोय केलेली असते. तिला ‘हॉटलाइन’ म्हणतात. अफरातफर, खोटी बिले, लाचखोरी यांची खबर साहेबाला वगळून वर पोहोचवण्याचा हा मार्ग होय. आपल्या देशात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना अशी व्यवस्था ठेवणे बंधनकारक आहे. योग्य प्रसंगी कर्मचाऱ्याला थेट हिशेबतपासणी समितीच्या अध्यक्षांपर्यंत जाता आले पाहिजे, असेही त्यात सांगितले आहे.

हिशेबतपासनीस असताना याची गरज काय, असे कोणी विचारील. अफरातफरीच्या तपासाचे काम करणाऱ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४ साली जगभरातील सुमारे १,९०० प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ४३ टक्के प्रकरणे कोणीतरी खबर दिल्यामुळे उघडकीस आली. बाहेरच्या लेखापरीक्षणातून उघडकीस आलेली अवघी ३ टक्के होती. खबर देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक त्याच ठिकाणचे कर्मचारी होते. कागद जुळवून ठेवता येतात. पण पिंपे मोजणाऱ्या माणसाचे डोळे बांधता येत नाहीत.

परंतु नुसता फोन नंबर भिंतीवर लावला म्हणजे काम झाले असे नाही. सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याची हकीगत आपल्यापैकी काहींना आठवत असेल. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरव्यवहाराविषयी त्यांनी २००२ साली पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र नावासकट एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी बिहारमधील गया येथे त्यांची हत्या झाली. तपास यंत्रणेने तो लुटीचा प्रकार ठरवला आणि २०१० मध्ये तिघांना शिक्षा झाली. तरीही ज्यांनी नाव राखायचे त्यांनी ते राखले नाही, ही गोष्ट शिल्लक राहतेच. त्यानंतर २००४ साली सरकारने ठराव करून अशा तक्रारी घेण्याचे व तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवले.

म्हणून आपल्यापैकी जे कारखानदार, व्यापारी किंवा संस्थाचालक आहेत त्यांना मी नम्रपणे काही सूचना करतो. हा फोन व्यवस्थापकाच्या वा हिशेबनिसाच्या टेबलावर वाजता कामा नये. तो बाहेरच्या विश्वासू व्यक्तीकडे किंवा संस्थेकडे असावा. कामाची वेळ संपल्यावरही तो चालू असावा, कारण साहेबाच्या देखत कोणी बोलत नाही. कामगाराला मराठी, हिंदी, उर्दू यांपैकी ज्या भाषेत मोकळे बोलता येते त्या भाषेत त्याचे ऐकून घ्यावे. नाव सांगायचे नसेल तर त्याला एक क्रमांक द्यावा. त्या क्रमांकावरून तो पुन्हा फोन करून पुढे काय झाले हे विचारू शकेल आणि चौकशी करणाऱ्यालाही राहिलेले प्रश्न विचारता येतील. चौकशी त्या खात्याशी संबंध नसलेल्या माणसाने करावी. खबर देणाऱ्याची बदली झाली, पगारवाढ रोखली गेली, तर तोही गुन्हाच समजून त्याची दखल घ्यावी. एकदा जरी नाव फुटले, तर तो फोन पुन्हा वाजणार नाही.

छोट्या संस्थेला एवढा खटाटोप झेपत नाही हे मला मान्य आहे. पण कुलूपबंद पेटी आणि तिची किल्ली हिशेबाशी संबंध नसलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाकडे, एवढे तर आपल्या शाळा, वसतिगृहे आणि पतपेढ्यांनाही करता येईल. लोकांचा पैसा आपल्याकडे अमानत असतो.

विद्यार्थी मित्रांनो, खबर देणाऱ्यावरही जबाबदारी असते. काय पाहिले, कोठे, कोणत्या तारखेला, किती रकमेचे, कोणत्या कागदावर, एवढेच सांगावे. जे पाहिले ते पाहिले म्हणावे, जो संशय आहे तो संशय म्हणावा. साहेबाने रजा दिली नाही म्हणून त्याच्यावर बालंट आणणे ही शुद्ध चहाडी होय. त्यात एखाद्या निरपराध माणसाची अब्रू जाते. सरकारी नोकराने लाच मागितली, तर महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

आणि पालकांनो, शेवटची विनंती तुम्हांला. “गप्प बस” हा सल्ला आपण मुलाच्या काळजीपोटी देतो. पण गप्प बसण्यात खरोखर सुरक्षितता आहे काय? २०१८ साली मुंबईतील पंजाब नॅशनल बँकेच्या एका शाखेतील हजारो कोटींचा घोटाळा बाहेर आला. तो वर्षानुवर्षे चालला होता. पहिल्याच काही दिवसांत निवृत्त उपव्यवस्थापकाबरोबर एका कनिष्ठ कर्मचाऱ्यालाही अटक झाली. दोष कोणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आपण एवढेच ध्यानात घ्यावे की, चौकशी सुरू झाली म्हणजे आधी कागद पाहिले जातात, आणि कागदावर सह्या लहान माणसांच्याही असतात. सुक्याबरोबर ओलेही जळते.

म्हणून मुलगा किंवा मुलगी कामाच्या ठिकाणची अशी गोष्ट घरी घेऊन आली, तर तिला दटावू नका. शांतपणे ऐकून घ्या. तारीखवार टिपण करून ठेवायला सांगा. खोट्या कागदावर सही करू नकोस, एवढे निक्षून सांगा. खबर देण्याची सोय तेथे आहे का आणि ती भरवशाची आहे का, याची तिच्याबरोबर बसून चौकशी करा. नोकरी गेली तर काही महिने घर कसे चालेल, याचाही हिशेब तिच्यासमोर मांडा. निर्णय कोणताही होवो, तो तिने एकटीने, भीतीपोटी घेतलेला नसावा.