आधी काम विचारा, मग एमआरआय पाहा



मिरजेत वैद्यकीय परिषदेच्या अध्यक्षपदी बसताना थोडं दडपण येतंच. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय सुरू केलं. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी याच गावात राहून अस्थिरोगशास्त्राचा जो ग्रंथ संपादित केला, त्यावर देशभरातले पदव्युत्तर विद्यार्थी अभ्यास करतात. अशा गावात ऑपरेशनचं तंत्र मी शिकवायला जाऊ नये. दुर्बिणीतून मणक्यांमधली गादी कशी काढायची, स्क्रू कोणत्या कोनातून घालायचा, हे पुढच्या सत्रांत माझ्यापेक्षा तरुण हात दाखवतील.

मला बोलायचं आहे ते ऑपरेशनच्या आधीच्या दहा मिनिटांबद्दल. ही दहा मिनिटं आपल्याकडे आक्रसत चालली आहेत. रुग्ण आत येतो तो फिल्मचा लिफाफा पुढे करतच. "डॉक्टर, मणक्यात गॅप आलाय, चौथ्या-पाचव्यात." आपण फिल्म उजेडावर धरतो आणि मान हलवतो. माणूस अजून उभाच असतो.

त्या फिल्ममध्ये काय दिसतं, ते आकड्यांत सांगते. पाठीचं काहीही दुखणं नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. चाळिशीतल्या धडधाकट माणसांपैकी ६८ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या, ५० टक्क्यांच्या फुगलेल्या. विशीतसुद्धा ३० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्याच होत्या. म्हणजे या सभागृहातल्या सगळ्यांचे एमआरआय आज काढले, तर निम्म्याअधिक जणांच्या रिपोर्टवर गादी फुगल्याचं छापून येईल आणि दुपारचं जेवण तरीही सगळे व्यवस्थित जेवतील. केस पिकतात तशी गादी झिजते. ती झीज दुखण्याचं कारण आहे की नुसती शेजारी उभी आहे, हे ठरवायला फिल्म पुरत नाही. त्यासाठी माणसाला चालवून बघावं लागतं.

टाचांवर चाला, चवड्यांवर चाला. पायाचा अंगठा माझ्या बोटाविरुद्ध वर उचला. आडवं पडून सरळ पाय वर घेतला की कळ कुठवर जाते, गुडघ्यापर्यंत की पार करंगळीपर्यंत? पलूसकडच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या एक बाई "कंबर धरलीय" एवढीच तक्रार घेऊन आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "चप्पल पायातनं कधी निसटती, त्येच कळत नाही." निदान त्या एका वाक्यात होतं. पाऊल उचलणारी नस दबलेली होती. कंबरदुखी म्हणून त्यांना पट्टा आणि गोळ्या देऊन परत पाठवलं असतं, तर तो पाय गेला असता.

दुसरं उदाहरण आपल्या गावागावांत आहे. सत्तरीचे आजोबा सायकलवरून तालुक्याच्या बाजाराला जाऊन येतात, पण घरापासून देवळापर्यंत चालताना दोनदा कट्ट्यावर टेकतात. घरच्यांना वाटतं, म्हातारा नाटक करतोय. सायकलवर माणूस पुढे वाकतो, कण्यातली वाट थोडी मोकळी होते आणि नसांना जागा मिळते. ताठ उभं राहून चालताना ती पुन्हा आवळते. अशा आजोबांची चालच खुंटली असेल, तर दाबणारं हाड काढून वाट मोकळी करण्याचं ऑपरेशन त्यांना पुन्हा देवळापर्यंत नेतं. स्क्रू लागतातच असं नाही.

मग ऑपरेशन कोणाचं? माझा हिशेब साधा आहे. नुसत्या कंबरेसाठी हात आखडता, पायासाठी हात सैल. पायात कळ उतरते आहे, ताकद जाते आहे, सहा आठवडे नीट उपचार करूनही माणसाला रात्री झोप नाही, तर मायक्रोडिस्केक्टमी, म्हणजे गादीचा नस दाबणारा भाग काढणं, उत्तम काम करते. तिथेही घाई नको. २००७ साली नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांचे दोन गट करून पाहिले. लवकर ऑपरेशन झालेल्यांचा पाय लवकर मोकळा झाला. पण वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच होते आणि थांबलेल्यांपैकी दहातल्या सहा जणांनी ऑपरेशन टाळलं. रोजंदारीवरच्या माणसाला "लवकर"ची किंमत वेगळी असते, हेही खरं. तो निर्णय त्याला हे सगळं सांगून त्याच्याबरोबर घ्यायचा. उलट, नुसत्या जुनाट कंबरदुखीसाठी मणके जोडण्याचं ऑपरेशन कसून घेतलेल्या व्यायामापेक्षा ठळकपणे सरस ठरत नाही, हे ब्रिटनमधल्या २००५ सालच्या चाचणीत दिसलं. तरीही स्क्रू पडतच राहतात. कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवल्याचं कमिशन, या विषयावर सभागृहात शांतता पसरते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे वाक्य भाषणात ठेवलं.

थांबायचं नाही, अशाही वेळा आहेत. लघवी अडकली, बसायच्या जागेची संवेदना गेली, दोन्ही पाय सुन्न पडले, तर त्याच रात्री रुग्ण हलवायचा. सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही. आणि क्षयरोग विसरायचा नाही. ज्या भागात वॉन्लेसवाडीला क्षयाचं आरोग्यधाम उभं करावं लागलं, त्या भागातल्या डॉक्टरांना हे सांगावं लागू नये. संध्याकाळची कणकण, घटलेलं वजन, रात्री जागवणारी पाठ असेल तर आधी तो शोधा. मणक्याचा क्षय बहुतेकदा औषधांनीच बरा होतो. पू साठून किंवा कणा वाकून नसा दबायला लागल्या तरच सुरी.

आता कामाबद्दल. आपल्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता असतो. व्यवसायाच्या रकान्यात "शेती" किंवा "गृहिणी" लिहून आपण मोकळे होतो. शेती म्हणजे काय? तासगावला ब्लोअर लावलेल्या ट्रॅक्टरवर तासन्‌तास हादरे खात फवारणी की जतहून येऊन कारखान्याच्या हंगामात कोयता धरणं? ऊसतोडीत कंबरेत वाकून बुडखा तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर चुंबळ ठेवून ती घ्यायची आणि फळीवरून ट्रकवर चढायचं. गर्भारपण आलं तरी बाईचा कोयता सुटत नाही. त्या बाईला "वाकू नका, वजन उचलू नका" असं लिहून देणं म्हणजे "काम सोडा" असं लिहून देणं, आणि ती कागद घडी घालून कमरेला खोचते. सरकारी आरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं. बुडालेली रोजंदारी कशातच बसत नाही.

सांगलीच्या हळद बाजारात थोडं उभं राहून पाहा. पाठीवर पोतं घेऊन चालणाऱ्या हमालाची पाठ सहसा चालताना जात नाही. ती जाते जमिनीवरचं पोतं एकट्याने उपसून कंबरेतून फिरताना. दोघांनी उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. घाईत आणि माणसं कमी असताना ती मोडते. एका माणसाने हाताने वाहायचं ओझं ५५ किलोंपेक्षा जास्त नसावं, अशी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९६७ सालची शिफारस आहे. हमालांसाठीचा महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ चा. साखरेचं पोतं एकेकाळी १०० किलोंचं असे, आता ५० चं आहे. माझ्या मते आपल्या भागातली पाठीसाठीची सगळ्यांत मोठी शस्त्रक्रिया तीच, आणि ती आपल्यापैकी कुणी केलेली नाही. हमालांच्या संघटनांनी आणि डॉ. बाबा आढावांसारख्यांनी ओझ्याचा प्रश्न रस्त्यावर मांडला, तेव्हा आपण पट्टे लिहून देत होतो.

पाठ राखायची कशी, यावर रुग्ण विचारतात तेव्हा आपण व्यायामाचं छापील पान देतो. ते फ्रिजवर चिकटतं. सोपं सांगा: चाला. ऑस्ट्रेलियातल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाठदुखीतून नुकत्याच उठलेल्यांना चालण्याचा बेतशीर कार्यक्रम दिला, तर दुखणं परतायला मधोमधच्या रुग्णाला २०८ दिवस लागले; न दिलेल्यांत ११२. खर्च चपलांचा. अंथरुणावर पडून राहू नका, पट्टा महिनोन्‌महिने बांधू नका, आणि मिसरी-तंबाखू सोडा, कारण निकोटिनमुळे जोडलेलं हाडही नीट सांधत नाही. "झटक्यात आराम" देणाऱ्या पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड असतं. त्यांनी पोखरलेले मणके बाजेवरून उठताना मोडलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

अध्यक्ष म्हणून माझ्या दोनच सूचना आहेत. एक, सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मणक्याच्या केसपेपरवर कामाचा सविस्तर रकाना यावा: काय उचलता, किती, जमिनीवरून की खांद्यावरून, सोबत कोण असतं. मसुदा प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये आहे, दुरुस्त्या संध्याकाळपर्यंत द्या. दोन, पुढच्या परिषदेला बाजार समितीचा एक हमाल आणि ऊसतोडीतली एक मुकादम बाई यांना वक्ते म्हणून बोलवावं. मानधन आपल्याइतकंच. हा ठराव मी आत्ताच मांडते. अनुमोदन हवं आहे.