दुखरे गुडघे आणि व्यायाम

गुडघे दुखू लागले की आपल्या घरांतून पहिला सल्ला मिळतो तो विश्रांतीचा. जिने चढू नका, फार चालू नका, काय हवे ते बसल्या जागी सांगा, असे घरची माणसे मोठ्या मायेने म्हणतात. परंतु या मायेनेच माणूस पुष्कळदा पांगळा होतो. आधी पंगत सुटते, मग देवळाच्या पायऱ्या, मग बाजार. आणि ज्याच्या शब्दावर घर चालत असे तो पाण्याच्या भांड्यासाठीही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागतो. श्रोतेहो, ही अवस्था बऱ्याच अंशी टाळता येते.

गुडघ्यात जी हाडे एकमेकांशी भिडतात, त्यांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारखा द्रव हेच तिचे मुख्य पोषण, आणि ते हालचालीच्या दाबाने तिच्यात मुरते. शिवाय चालताना सांध्याला सावरून धरतात ते मांडीचे आणि कमरेचे स्नायू. हालचाल थांबली की हे स्नायू रोडावतात, सांध्यावरील ताण वाढतो आणि दुखणे बळावते. अशा रीतीने विश्रांतीच दुखण्याला खतपाणी घालते.

पायांचा व्यायाम म्हटला की मराठी माणसाला तालमीतल्या बैठका आठवतात. दुखऱ्या गुडघ्याला मात्र त्या मानवत नाहीत. गुडघा जितका खोल वाकवावा तितका वाटीवरचा दाब वाढतो. तेव्हा सोडावयाची ती खोल बैठक; व्यायाम नव्हे. आमच्या बंगळूरच्या लालबागेत हा भेद सहज ध्यानी येतो. तेथील सपाट रस्त्यांवर सावकाश चालणे हितकर; पण केंपेगौडाचा बुरूज ज्यावर उभा आहे, तो पुरातन खडक उतरणे दुखऱ्या गुडघ्यांना जड जाते.

येथून जवळच, कोलार जिल्ह्यातील बेल्लूर गावी १९१८ साली बी. के. एस. अय्यंगार जन्मले. १९३७ साली ते पुण्यास आले आणि २०१४ साली निधन होईपर्यंत पुण्याचेच होऊन राहिले. खुर्ची, पट्टा, लाकडी वीट, भिंतीचा दोर यांच्या आधाराने दुबळ्या शरीरालाही आसन साधते, हे त्यांनी दाखवून दिले. बंगळुरातच गुडघ्याच्या संधिवाताच्या २५० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचे उपचारात्मक व्यायाम, तर दुसऱ्याला योगोपचार दिले होते. आराम दोन्ही गटांना पडला. योगाच्या गटाला अधिक.

आता घरी करावयाचे काही व्यायाम सांगतो. उताणे निजून गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवावी, ती गुडघ्याने खाली दाबावी आणि पाच अंक मोजून सोडावी. मग एक गुडघा उभा ठेवून दुसरा पाय सरळ, वीत-दीड वीत उचलावा. दोन्ही गुडघे उभे करून कंबर हलकेच वर उचलावी. कुशीवर निजून वरचा पाय उचलावा; त्याने कमरेची बाजू बळकट होते. शेवटी उंच, भक्कम खुर्चीवरून सावकाश उठावे आणि तितक्याच सावकाश बसावे. आरंभी हाताचा आधार घेण्यात कमीपणा नाही. प्रत्येक प्रकार पाच-सहा वेळा, पुढे हळूहळू दहा वेळा करावा. श्वास रोखू नये.

व्यायामाने थोडे दुखले तर भिऊ नये. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते शमले पाहिजे. दुखणे रेंगाळले किंवा सूज आली तर व्यायाम कमी करावा. मात्र गुडघा तापला, लाल झाला, अडकू लागला किंवा अचानक दगा देऊ लागला, तर आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. स्थूल माणसाने थोडे वजन उतरविले तरी गुडघ्याचे ओझे पुष्कळ हलके होते.

झिजलेली कूर्चा या व्यायामाने पूर्ववत होत नाही, हे खरे. परंतु स्नायूंना वयाची अट नाही. सत्तरीतही ते बळ धरतात. त्याला दोन-तीन महिने लागतात, आणि तेवढा धीर धरावा लागतो. म्हणून घरच्या मंडळींना माझी विनंती आहे, की वडीलधाऱ्यांना पाण्याचे भांडे जरूर द्या. पण रोज सकाळी त्यांच्यासाठी ती भक्कम खुर्ची भिंतीशी टेकवून ठेवा आणि क्षणभर जवळ उभे राहा.