पहिला संगणक आणि ग्राफिक्स कार्डाची निवड



धार आणि देवास ही एके काळची पवारांची संस्थाने. त्या निमित्ताने माळव्यात गेलेली मराठी घरे आजही तेथे नांदत आहेत. विंध्याचा उतार उतरून निमाडाकडे निघाले म्हणजे धार जिल्ह्यातच गंधवानी हे तहसिलीचे गाव लागते. अशा गावातील एखाद्या विद्यार्थ्याने सुटे भाग आणून घरीच संगणक जोडावयाचे मनात घेतले, तर त्याला इंदूरची बाजारपेठ गाठावी लागते, आणि ती शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. न जुळणारी वस्तू पदरी पडली तर ती परत करण्यासाठी एक दिवस मोडतो, गाडीभाडे जाते, आणि दुकानदार ती बदलून देईलच असेही नाही. पैसे वडिलांनी मोठ्या कष्टाने बाजूस काढलेले असतात. म्हणून या यंत्रातील बहुधा सर्वांत महाग भागाविषयी, म्हणजे ग्राफिक्स कार्डाविषयी, थोडे बोलावयाचे आहे.

पहिला प्रश्न असा की, हे कार्ड हवेच काय? लेखन, हिशेब, अभ्यासाची व्याख्याने पाहणे, प्रोग्रॅम लिहिणे यांसाठी ते मुळीच लागत नाही. रायझन 5 5600 जी यासारख्या प्रोसेसरमध्ये चित्र उमटविण्याची सोय अंगचीच असते, आणि हलकेफुलके खेळही तीवर चालतात. प्रथम एवढ्यावरच भागवावे, आणि वर्षभराने गरज भासल्यास कार्ड बसवावे, असे माझे स्वतःचे मत आहे. मात्र एक सावधगिरी हवी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत ही सोय नसते. ‘एफ’ स्वस्त मिळाला म्हणून आणला आणि कार्ड घेतले नाही, तर पडद्यावर काहीच उमटणार नाही.

कार्ड घ्यावयाचेच ठरले तर नावाला भुलू नये. जीटी 1030 या कार्डाचे उदाहरण घ्या. हे 2017 साली निघाले. पुढच्या वर्षी त्याच नावाचे दुसरे कार्ड बाजारात आले. त्यातील मेमरी निराळ्या जातीची, आणि तिची माहिती वाहून नेण्याची शक्ती पहिलीच्या सुमारे एक-तृतीयांश. खोक्यावरील 2 जीबी हा आकडा मात्र दोहोंवर सारखाच! व्यापारातील ही रीत मला तरी सरळ वाटत नाही. तेव्हा मेमरी किती एवढेच न विचारता ती कोणत्या जातीची, हेही विचारावे. ‘जीडीडीआर’ असेल तर ठीक. नुसते ‘डीडीआर’ असेल तर खेळासाठी ते कार्ड घेऊ नये. आजचे मोठे खेळ 4 जीबीत अडखळतात. 6 किंवा 8 जीबी असल्यास काही वर्षे निभाव लागतो.

दुसरी गोष्ट विजेची. मदरबोर्डावरील खाच कार्डाला फार तर 75 वॅट वीज पुरविते. त्याहून अधिक मागणाऱ्या कार्डास एसएमपीएसमधून निराळी तार जोडावी लागते, आणि कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसचा अशा वेळी भरवसा धरू नये. 2024 साली आलेले 6 जीबीचे आरटीएक्स 3050 सुमारे 70 वॅटमध्ये चालते; त्याला बहुधा ती तारच लागत नाही. आरएक्स 6600 त्याहून पुष्कळ वेगवान खरे, पण ते सुमारे 132 वॅट घेते. जेथे दाब वरखाली होतो आणि वीज अवचित जाते, तेथे यूपीएस लागणारच, आणि 600 व्हीएचा साधा यूपीएस सुमारे 360 वॅटच पेलतो. हा हिशेब कागदावर मांडून मगच दुकानात पाऊल टाकावे.

तिसरी अडचण वरकरणी दिसत नाही. 2022 च्या जानेवारीत आलेले आरएक्स 6500 एक्सटी स्वस्त वाटते. पण मदरबोर्डाशी त्याचे बोलणे चारच मार्गिकांतून चालते. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ते त्यामुळे लक्षणीय मंदावते. जुना बोर्ड मिळाला असेल त्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

आता सेकंडहँड मालाविषयी. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या ‘खाणकामा’त रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात येऊन पडली. त्यांतील काही चांगली चालतात. पण पंखे झिजलेले असतात, आणि निमाडाच्या मे महिन्यात पंखाच कार्डाचा प्राण. याहून वाईट म्हणजे जुन्या जीटीएस 450 चे नाव बदलून ते जीटीएक्स 1050 टीआय म्हणून विकण्याचे प्रकार झालेले आहेत. म्हणून विक्रेत्यासमोरच कार्ड यंत्रात बसवून ‘जीपीयू-झेड’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवावा आणि अर्धा तास एखादा जड खेळ चालू ठेवावा. पडद्यावर ठिपके वा रेघा उमटल्या, तर नम्रपणे नमस्कार करून निघावे.

नव्या कार्डाचा भाव एका दुकानात विचारून भागत नाही. 2025 च्या अखेरीस मेमरीचे भाव चढले, त्याची झळ कार्डांनाही लागली आहे. महिन्यापूर्वी ऐकलेली किंमत आज मिळेलच असे नाही. निघण्यापूर्वी दोन-तीन दुकानांत दूरध्वनी करावा, 18 टक्के जीएसटी धरून आकडा विचारावा, बिलावर कार्डाचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि कॅबिनेटमध्ये कार्डासाठी किती लांबीची जागा आहे ती घरूनच मोजून न्यावी.