ताटाची डावी बाजू
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)

मंडळी, बँकेत डावीकडे नावे, उजवीकडे जमा, यात हयात गेली. ताटाची डावी बाजू मात्र ही गेल्यावरच हाती आली. आपल्या सोसायटीत एकटे राहणारे आम्ही बरेच. कुकरला खिचडी लावायची, सोबत बाजारचं लोणचं. चार दिवसांनी जेवावंसंच वाटत नाही.

त्यावर माझा उपाय म्हणजे दोडक्याच्या शिरांची चटणी. ४ दोडक्यांच्या शिरा बारीक चिरून थोड्या तेलात, मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परताव्यात. घाई नको, मऊ राहिल्या तर मजा नाही. मग २ चमचे भाजलेले तीळ, सुकं खोबरं, तिखट, मीठ घालून चुरायचं. मी त्यात भाजलेले जवसही घालतो. हिला ते चाललं नसतं!

शिरा टाकणार असाल तर माझ्याकडे द्या. चटणीची वाटी घेऊन मी येईन, पण जेवायच्या वेळेला.