पक्षकार कोण?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वर्ध्याच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या आम्हा तिघा सहकाऱ्यांना आपण 'वकील आणि समाज' या विषयावर बोलावयास पाचारण केले, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. स्मरणिकेस जाहिरात दिली की समाजाचे देणे फिटले, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तीही सोय नाही. वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियमच आहे. तेव्हा जाहिरातीच्या जागी आम्ही एक कबुली देणार आहोत.

काही वर्षांपूर्वी सेलू तालुक्यातील दोन बंधू आपल्या विवाहित भगिनीस घेऊन आमच्याकडे आले. वडिलांच्या पश्चात नऊ एकरांच्या सातबाऱ्यावर तिघांची नावे लागली होती. बंधूंनी हक्कसोडपत्र करावयास सांगितले. आम्ही मसुदा केला, फी घेतली, दुय्यम निबंधकांपुढे दस्त नोंदविला. मसुद्यात काना-मात्रेचीही चूक नव्हती. जिना उतरताना त्या बाईंनी सहज विचारले, "वकीलसाहेब, आता भावाले कर्ज भेटन ना?"

बँकेच्या कर्जासाठी सही हवी, एवढेच तिला सांगण्यात आले होते. आम्ही बंधूंना परत बोलाविले. धाकटा खाली मान घालून बसला. थोरला म्हणाला, लग्नात खर्च केला तोच तिचा हिस्सा. दावा लावता येईल असे आम्ही बाईंना सांगितले. त्यांनी मान हलविली. "माहेर बंद होईन माह्यं," एवढेच त्या बोलल्या. तो दस्त आजही कायम आहे.

त्या दिवशी आमचा पक्षकार कोण होता? फी देणारा, की सही करणारी? हा प्रश्न सही होण्यापूर्वी आम्हांस पडला नाही, हा आमचा दोष.

कायदा तर कधीच पुढे गेला आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणे जन्मतः हक्क देण्यासाठी महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती केली. विवाहित कन्या तेव्हा वगळल्या गेल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तीही उणीव भरून काढली. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. कागदावर हक्क आला आणि कागदानेच तो जाऊ लागला. तो कागद लिहिणारे आम्हीच.

आता आमच्या कचेरीत हक्कसोडपत्रापूर्वी भगिनीस एकटीस बसवून, तिच्या बोलीत, ती किती जमीन सोडीत आहे हे सांगितले जाते. सही त्या दिवशी होत नाही. दोन्ही बाजूंचा सल्ला एकाच वकिलाने देणे योग्य नव्हे, म्हणून तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही पाठवितो. १९८७ च्या कायद्याने स्त्रीस तेथे विनामूल्य वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे ऐकून काही बंधू उठून जातात. जावोत. समजून-उमजून हिस्सा सोडणाऱ्या भगिनीही आहेत, आणि त्यांचे कागद आम्ही आनंदाने लिहितो.

ज्ञातीतील वडीलधारी मंडळी आम्हांस म्हणतात, हा गांधी-विनोबांचा जिल्हा. येथे तडजोडच शोभते. मान्य. परंतु १९३६ साली सेवाग्रामी राहावयास येणाऱ्या गांधींनी तरुणपणी प्रिटोरियात कोणती तडजोड घडविली ते पाहावे. दादा अब्दुल्ला हे त्यांचे अशील. लवादाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. सुमारे सदतीस हजार पौंड एकरकमी भरावे लागले असते तर प्रतिपक्षाचे तय्यब शेठ बुडाले असते. गांधींनी आपल्याच अशिलास हप्ते मान्य करावयास लावले. तेथे हिशेब पुरता झाला होता आणि सबळ पक्षाने सवलत दिली. आपल्या बैठकींत हिशेब होत नाही, आणि सोडावयाचे ते दुबळ्याने.

मंडळाने भांडणे मिटवावीत, पण न्यायासन मांडू नये. न ऐकणाऱ्यास वाळीत टाकणे हा २०१६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे, हेही येथेच सांगून ठेवतो.

भोजनोत्तर आम्ही तिघे मांडवाच्या डाव्या अंगास बसलेले असू. सातबाऱ्याचा उतारा असेल तर सोबत आणावा. फी नाही. बंधूंनी हवे तर मिळून यावे. भगिनींनी मात्र एकेकटीने यावे.